पाटीवरची बाई

आई गेल्याला आता आठ महिने झाले. या आठ महिन्यांत तिच्याविषयी लिहायला मी तीनदा बसले आणि तिन्ही वेळा गाड्यावरच्या पाटीपाशी येऊन थांबले. तिचे आजारपण लिहून होते, तिचे शेवटचे बोलणेही लिहून होते. पाटीचे मात्र होत नाही, कारण त्या पाटीवरचे शब्द माझे होते. बारावीत असताना मराठीच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी ते लिहिले, आणि मला त्यांचा अभिमान वाटला होता. हे एकदा सांगून टाकले म्हणजे पुढचे सरळ सांगता येईल.

डिचोलीच्या आमच्या घरापुढून खनिजाचे ट्रक जात. समोरच्या चढावर ट्रकाने गियर बदलला की मांडणीवरच्या बरण्या एकमेकींना लागून किणकिणत, आणि शेवटचा ट्रक गेला तरी तो आवाज थोडा वेळ कानात राही. पांढरे असे आमच्याकडे काही नव्हतेच. माझ्या शाळेचा गणवेश, देवाचे वस्त्र, दोरीवरचे टॉवेल, सगळ्यांवर एक तांबूस छटा असायची. आई रोज सकाळी तुळशीची पानेसुद्धा ओल्या फडक्याने पुसायची. पहाटेचा पहिला आवाज मात्र ट्रकाचा नसे, तो आमच्या रगड्याचा असे. त्यानंतर पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा. तो दारात ऐंशी उंडे मोजून देई. उंडा म्हणजे कडक कवचाचा गोल पाव. फोडला की आतून वाफ यायची, आणि मी पुस्तक बाजूला ठेवून त्यातला एक पळवायची.

गाडा मुळात बाबांचा. बसस्टँडकडून खाणीच्या वाटेला लागताना एक भिंत आहे, तिच्या कडेला तो उभा असे. मी नववीत असताना बाबांना कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत ते गेले. त्यानंतर थोरल्या काकांनी गाड्याचा परवाना आपल्या नावावर करून घेतला. आई घरात रांधायची आणि काका गाड्यावर उभे राहायचे, अशी व्यवस्था झाली. काका वाईट नव्हते, पण त्यांना उभे राहता येत नसे. ते वर्तमानपत्र उघडून बसत आणि गिऱ्हाईक खोकले की चष्म्यावरून बघत. एका सकाळी ते तापाने पडले. आईने आमटीचे पातेले डोक्यावर घेतले आणि ती स्वतः गेली. त्या दिवसापासून गाड्यावर तीच उभी राहू लागली. काका बरे झाले तेव्हा गिऱ्हाइके दुप्पट झाली होती, म्हणून तेही काही बोलले नाहीत.

बोलले नाहीत हे तर आमच्याकडे अक्षरशः खरे होते. थोरला दीर आणि धाकट्या भावाची बायको यांनी समोरासमोर बोलायचे नाही, अशी आमच्या घराची रीत. काका सोप्यावर बसत, आई दाराआड उभी राही, आणि मध्ये मी. “शालू, तुझ्या आवयक सांग, मिरच्यो तिखट पडल्यो.” आई तीन हातांवर असायची, तिला सगळे ऐकू जायचे. तरी मी मान वळवून तेच वाक्य पुन्हा म्हणायची आणि तिचे उत्तर काकांकडे पोचवायची. लहानपणी मला तो खेळ वाटे. पुढे पुस्तके वाचायला लागल्यावर वाटले की आमच्या घरात एक भिंत आहे आणि तिला माझे तोंड लावले आहे.

तोणाक म्हणजे भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटपाची दाट आमटी. आई ती अळसांद्यांची, म्हणजे आमच्याकडच्या चवळीची, करायची. संध्याकाळी अळसांदे भिजत घालायचे, पहाटे शिजवायचे, खोबरे तांबडे होईपर्यंत भाजायचे, धणे-मिरी वेगळे भाजायचे आणि सगळे रगड्यावर गंधासारखे वाटायचे. ड्रायव्हर येई, उभ्या उभ्या म्हणे, “मावशे, बेगीन!” आणि पाच मिनिटांत उंडा बुडवून खाऊन ट्रकावर चढे. पुढे अशा खाण्याला ‘फास्ट फूड’ म्हणायला लागले तेव्हा मला नेहमी वाटायचे, हे नाव खाणाऱ्याच्या बाजूने ठेवलेले दिसते. रांधणारीला विचारले असते तर तिने काही वेगळे सांगितले असते.

गाड्यापुढे एक लांब बाक होता. त्यावर पुरुष बसत. नदीच्या धक्क्यावर खनिजाच्या टोपल्या वाहणाऱ्या बायकाही आमच्याकडेच खायच्या. कोणी बेळगावाकडच्या, कोणी दोडामार्गाकडच्या. पण त्या बाकाकडे येत नसत. गाड्याच्या मागून हात पुढे करत, बशी घेत, आणि भिंतीकडे तोंड करून, डोक्यावरचा पदर पुढे ओढून उकिडव्या बसून खात. त्यांची पुढारीण यल्लव्वा. तिच्या कपाळापासून पायापर्यंत लाल माती असायची आणि दात तेवढे पांढरे. ती एका बैठकीला तीन मिरची भजी खायची आणि चौथ्या मिरचीचे देठ दातात धरून कामाला जायची.

मी बारावीत होते ते वर्ष राजभाषेच्या वादाचे होते. गोवा घटक राज्य होणार म्हणत होते आणि त्याआधी भाषेचे ठरायला हवे होते. आमच्या बाकावर मराठीवाले आणि कोंकणीवाले शेजारी शेजारी बसून एकाच बशीतली भजी खात भांडत. त्याच वर्षी बसस्टँडसमोर एक नवा गाडा आला. त्याच्या लाल पाटीवर पिवळ्या अक्षरांत ‘फास्ट फूड’ लिहिलेले, वर टेपवर गाणी. पंधरा दिवसांत आमचे पाव उरायला लागले. काका सोप्यावर येऊन बसले आणि मला म्हणाले, “आवयक सांग, आमकांय पाटी जाय. चित्राची. आनी शब्द तूं बरय. शिकयल्या कित्याक तुका?”

आम्हालाही पाटी हवी आणि शब्द मी लिहायचे! मला आनंद झाला. वाचनालयातल्या मासिकांतल्या जाहिराती मी मन लावून वाचायची. त्यांत चहा, बिस्किटे, मसाले काहीही असो, एक पुरुष खात असे आणि एक बाई वाढत असे. तिखट असले की पुरुष, गोड असले की बाई. मी त्याच चालीवर लिहिले: ‘माउलीच्या हातची चव, मर्दांची भूक! झणझणीत तोणाक, मर्दांचे खाणे.’ खाली बारीक अक्षरांत: ‘महिलांसाठी गोड बन व पार्सलची सोय.’ सर्वांत वर ‘फास्ट फूड’ पाहिजेच, असा पेंटरने आग्रह धरला.

रघू पेंटर म्हणजे आमच्या भागातला मोठा कारागीर. दशावताराचे आणि नाटकांचे पडदे, देवळातल्या भिंतीवरच्या देवी, सगळे त्याच्या हातचे. तो चार दिवस आमच्या बाकावर बसून, समोर बशी ठेवून पत्र्यावर काम करत होता. त्याची एक पद्धत होती. बाईचा चेहरा रंगवताना तो आधी कपाळावर कुंकवाचा ठिपका ठेवायचा आणि मग तो मध्य धरून नाक, डोळे, हनुवटी असा चेहरा बांधत जायचा. देवी रंगवणाऱ्याचा हात तो. त्या ठिपक्याशिवाय त्याला चेहरा कुठून सुरू करायचा हेच कळत नसे. आणि चार दिवस समोर उभी होती आई. तेव्हा नकळत आईचे नाक आले, आईची मान आली, हनुवटीवरचा तीळही आला. त्या चेहऱ्यावर ठसठशीत कुंकू, केसांत अबोलीचा वळेसर, हातांत हिरव्या बांगड्या. हातात पळी घेऊन ती वाकलेली होती. समोर मोठ्या मिशांचा, खाकी शर्टातला एक पुरुष तोंड उघडून खात होता.

पाटी लागली तेव्हा बाकावरचे लोक तिच्याखाली उभे राहून तासभर वाद घालत होते. हे शब्द मराठीत का, कोंकणीत का नाहीत. कोणी म्हणाले, आपली भाषा पाटीवर नाही तर कुठे. दुसरा म्हणाला, हीच आपली भाषा. सर्वांत मोठी अक्षरे ‘फास्ट फूड’ ही होती, त्यांवर मात्र दोन्ही पक्षांचे काही म्हणणे नव्हते. चित्राकडे कोणी पाहिलेच नाही.

पाहिले ते बुधवारच्या बाजाराला आलेल्या बायकांनी. मी उंडे फोडत होते. भाजीच्या टोपल्या घेतलेल्या दोघी पाटीखाली थांबल्या.

“पळयलें मगो? घोव मरून तीन वर्सां जालीं. आनी हें कुंकूं!”

“तीळ पळय तीळ. तीच ती.”

“आनी तो मिशांवालो कोण?”

“कोण म्हणजे? बाबलो ड्रायव्हर! त्याच्याच मिशा. तोणाक वाढता काय कितें वाढता, देव जाणा.”

संध्याकाळपर्यंत आईने कुंकू लावले आणि बाबल्याशी लगीन जमवले, ही बातमी शेजारच्या मये गावापर्यंत पोचली. आज हे कोणाला खरे वाटणार नाही. पण आमच्याकडे कुंकू ही रंगवायची वस्तू नव्हती. ते कपाळावर असते किंवा पुसलेले असते. पत्र्यावरचे असले तरी ते कोणाच्या तरी नावाचे असणार, असेच लोकांना वाटले.

दुसऱ्या दिवशी बाबलो आला तो मिशा सफाचट करून. पोरासारखा दिसत होता. आईने विचारले,

“बाबल्या, मिशी खंय रे?”

“उसनी दिली मावशे, त्या पाटयेवयल्याक. आतां तो म्हज्या बायलेकडेन जाब दितलो.”

बाबा गेल्यापासून आई इतकी हसलेली मी पाहिली नव्हती. पदर तोंडाला लावून ती गाड्याच्या चाकाला टेकली.

संध्याकाळी काका आले तेव्हा हसण्याचे काही उरले नाही. देवळात त्यांना कोणीतरी टोचून विचारले होते. “शालू,” ते म्हणाले, “तुझ्या आवयक सांग. बुधवारी हांव पेंटराक घेऊन येतां. तें कुंकूं पुसतलों. आनी ते दिसा पासून तिणें घरांत रांधचें. गाड्यार हांव दादलो मनीस दवरतां. परवानो म्हज्या नांवार आसा.” ते उठले आणि जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांना खरोखर वाटत होते की ते आम्हाला सांभाळत आहेत.

ते वाक्य मी आईला पुन्हा सांगितले नाही. तिने ऐकले होते. गाडा गेला तर काय जाणार होते, हे मला तेव्हा पुरते कळत नव्हते. मला माझे म्हापशाचे कॉलेज दिसत होते. तिला बहुधा दिसत होते ते स्वयंपाकघर, आणि दाराआडची ती जागा, उरलेल्या आयुष्याची. ती रगड्यापाशी बसली आणि म्हणाली, “पाटयेर कितें बरयलां तें वाच पळोवया.” तिला अक्षरे जुळवायला वेळ लागायचा. मी वाचले.

“गोड बन? आमी गोड बन केन्ना विकले गो?”

“केन्नाच ना.”

“मागीर बरयलें कित्याक?”

 मासिकात बायकांपुढे गोड असते, म्हणून.

“यल्लव्वा कितें खाता?”

“मिरची भजी. तीन.”

“आनी हें खाणें मर्दांचें.” तिने वाटपाचा गोळा काढून वाटीत घेतला. तिचा आवाज चढला नव्हता. “चित्रांतली ती बायल इतल्या दिसांनी वाकून उबी आसा. तिका कोणें बस म्हणलें ना. तुवेंय म्हणलें ना.”

मी त्या वेळी रडले. आज या वयात वाटते, त्या रडण्यापेक्षा पाटी रंगवण्याआधीच वहीचे ते पान तिला वाचून दाखवले असते तर बरे झाले असते. हल्ली मी पेडण्याला असते. मोपाच्या विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर खाण्याचे मोठमोठे फलक लागले आहेत. एकावर तरुण मुलगा बर्गरचा एवढा मोठा घास घेतो आहे. शेजारची मुलगी तोच बर्गर दोन बोटांत धरून हसते आहे, चावत नाही. दुसऱ्यावर आई ताट घेऊन उभी आहे. कोणी तरी शिकलेल्या मुलीनेच ते शब्द लिहिले असतील, अभिमानाने.

बुधवार उजाडला. आईने नेहमीसारखे रांधले. गाड्यावर पोचल्यावर तिने बाक ओल्या फडक्याने पुसला आणि पळी माझ्या हातात दिली. “आज तूं वाढ.” दुपारी धक्क्यावरच्या बायका आल्या आणि सवयीने मागे वळल्या, तेव्हा ती त्यांच्या वाटेत उभी राहिली.

“यल्लव्वा, फुडें बस.”

“नको वो मावशी. तिकडं गडीमाणसं बसत्यात की.”

“बाक म्हजो. बस.”

“लाल माती लागंल बाकाला.”

“डिचोलीत लाल ना तें कितें आसा, दाखय म्हाका.”

यल्लव्वा हसली आणि टेकली, अर्धी हवेत. मग दुसरी बसली. सहाजणी झाल्या. बाकावर येऊ पाहणारे दोन ड्रायव्हर बाजूला उभे राहिले. बाबलोही त्यांत होता. आणि मग आई, जिने आजवर गाड्यावर एक घास तोंडात घातला नव्हता, जी दुपारी तीनला घरी जाऊन उरलेसुरले भातावर घेऊन खायची, ती त्या सहाजणींच्या मध्ये रस्त्याकडे तोंड करून बसली. वर पत्र्यावर कुंकवाची बाई वाकलेली होती, आणि खाली तोच तीळ असलेली बाई हातात बशी धरून बसली होती. बाजारातल्या बायका थांबून वर-खाली पाहू लागल्या.

तेवढ्यात काका आले. मागे रघू पेंटर, हातात रंगाचा डबा.

काकांनी बाकाकडे पाहिले, मग माझ्याकडे. “शालू,” ते म्हणाले, “तुझ्या आवयक सांग—”

“भावोजी,” आई म्हणाली, “म्हाका आयकूंक येता.”

इतक्या वर्षांत ती त्यांच्याशी थेट बोललेली ती पहिली वेळ. काका असे दचकले की जणू भिंतच बोलली. यल्लव्वा उठायला लागली. आईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला खाली बसवले.

“कुंकूं पुसचें ना,” आई म्हणाली. “म्हजें गेलें तें गेलें, तें हांव जाणां. ते बायलेन कोणाचें कितें घेतलां? रघू, तिच्या हातांतली पळी काड. बशी दी. आनी तिका बसय.”

रघू पेंटरने काकांकडे पाहिले, मग आईकडे. “आनी पळी खंय घालूं बाय?”

“त्या मिशांवाल्याच्या हातांत दी.”

“दादल्याच्या हातांत पळी? लोक हांसतले!”

“हांसूं दी. हांसतना तोंड उगडें जाता. मागीर खातले.”

“परवानो...” काका म्हणाले. 

“परवान्याचो अर्ज शालू बरयतली. तिका बरयतां येता. मनांत आसा तें बरयतां येता, हें आतां तिका कळलां.” मग तिने जरा नरमाईने विचारले, “भावोजी, जेवतलात?”

काका वळले आणि परत गेले. त्यानंतर चार वर्षे ते आमच्या सोप्यावर आले नाहीत. परवान्याचे काम सोपे झाले नाही. नगरपालिकेत मी सात खेपा घातल्या, तिथला कारकून दर वेळी “पुरुष कोण तुमच्यात?” म्हणून विचारायचा आणि मी दर वेळी नवा अर्ज लिहायची, आधीच्यापेक्षा लहान आणि सरळ. शेवटी काकांनीच एके दिवशी निमूट सही पाठवून दिली. बरोबर निरोप नव्हता. पाटी रघूने आठ दिवसांत बदलली. बाई बसली. तिच्या हातात मिरची भजी आली. मिशांवाल्याला पळी धरता येत नाही हे चित्रातही दिसत होते. नवे शब्द काय लिहू, असे त्याने मला विचारले तेव्हा मी सांगितले, काहीच नको. माझे जुने शब्द त्याने खरवडून काढले. त्यांची खूण उन्हात काही वर्षे दिसत असे, निदान मला.

त्या दुपारचे थोडे सांगायचे राहिले. काका वळणापलीकडे गेले. आईने बशी मांडीवर घेतली. मग तिने गार झालेल्या तोणाकात उंड्याचा तुकडा बुडवला आणि खाल्ला. दुसरा खाल्ला. देवाला दाखवण्याआधी चाखायचे नाही ही तिची शिस्त. दाखवल्यावर गाड्यावर निघायची गडबड, आणि घरी खाताना तोंडी लावायला लोणचे. बाकावर बसून नुसते तोणाक तिने कधी खाल्लेच नव्हते. तिच्या कपाळावर आठी आली.

“तोणाकांत मीठ उणें आसा गो,” ती म्हणाली. “इतल्या वर्सांनी कोणेंच कशें सांगलें ना?”

यल्लव्वाने तोंडातला घास गिळला. “सांगत होतो की मावशी,” ती म्हणाली, “भिंतीला.”

आईने मागे हात करून मिठाचा डबा घेतला, झाकण काढले आणि तो बाकाच्या मधोमध ठेवला.